हात लावायचा नाही

मे महिना आला की आमच्या भागातल्या एसटीत ही पोरं दिसायला लागतात. मांडीवर जाडजूड पुस्तक, बोटांत पेन्सिल, ओठ हलतायत पण आवाज नाही. परवा बेल्ह्याच्या बाजारातून येताना अशीच एक पोर माझ्या शेजारी बसली होती. गाडी खड्ड्यात आदळली, वरच्या फळीवरची कुणाची तरी पिशवी खाली आली, पण हिची नजर पानावरून हलली नाही. खिडकीतून कांद्याच्या पातीचा वास येत होता. रानात कापून टाकलेली पात उन्हानं वाळते तेव्हा येतो तो, जरा गोडूस आणि डोळ्याला झोंबणारा. मी पुस्तकात डोकावलो. अक्षरं इंग्रजी, ती मला काय कळणार. चित्र मात्र कळलं. काळीज उभं चिरून दाखवलं होतं, लाल-निळ्या नळ्यांसकट.

"काय बघताय आजोबा?"

"काळीज," मी म्हणालो.

ती हसली. परीक्षा तोंडावर आलीय म्हणाली, नीटची. मी विचारलं, काय व्हायचंय. डॉक्टर म्हणाली, माणसांची. आणि नंबर नाही लागला तर? तिनं पान उलटलं आणि सहज म्हणून गेली, "मग बघू. व्हेटरनरी वगैरे."

वगैरे.

माझा थांबा आला तसा काठी टेकत उतरलो. पोरीचा काय दोष, तिनं जे चार माणसांकडून ऐकलं तेच बोलली. पण रस्त्यानं चालताना तो शब्द चपलेत खडा शिरावा तसा टोचत राहिला. त्या वगैरेसाठी आमच्या घरात एक अख्खं साल वाद पेटला होता. भावकीनं माझ्याशी बोलणं टाकलं होतं. आणि मी, तिसरीतून शाळा सोडलेला माणूस, एका परीक्षेला बसलो नसताना बसल्यासारखा झालो होतो.

प्रज्ञा माझी नात. माझा मुलगा मिलिंद टेम्पो चालवतो, त्याची थोरली. बारावीला मार्क चांगले पडले, पण नीटला कमी आले. नीट म्हणजे आमच्या बोलीत सरळ, व्यवस्थित. या परीक्षेत मला काही नीट दिसलं नाही. ढोरांचा डॉक्टर व्हायचं, आणि विचारतात काय, तर माणसाचं पोट, बेडकाचं रक्त, झुरळाचे पाय. गाईचा एक प्रश्न नाही. मी प्रज्ञाला म्हणालो, हे म्हणजे सुताराला घेण्याआधी स्वयंपाक येतो का विचारण्यासारखं झालं. ती म्हणाली, आबा, स्वयंपाक येत नाही म्हणूनच नंबर हुकला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडावर हसू. असं हसू मला बघवत नाही.

मिलिंदनं सरळ सांगितलं, गणित घेतलंय ना बारावीला, मग अवसरीला इंजिनिअरिंग कॉलेज आहे, सरकारी आहे, हॉस्टेल आहे, शनिवारी घरी येईल. त्याचंही चूक नव्हतं. पोरगी लांब पाठवायची तर बापाला भीती वाटतेच. शिनोलीहून माझ्या सुनेची बहीण आली होती, तिनं तर ऐकून कपाळाला हात लावला. तिला वाटलं व्हेटरनरी म्हणजे वेटर. "अगं, एवढी शिकून हाटेलात?" म्हणाली. आम्ही सगळे हसलो. प्रज्ञा हसली नाही. उठून गोठ्यात गेली आणि आमच्या गाईच्या, मोगरीच्या कासेखाली बादली धरून बसली.

मी मागं गेलो. विचारलं, तुला काय व्हायचंय ते मला सांग, त्यांना नको सांगू. ती म्हणाली, गुरांची डॉक्टर. का ते मी विचारलं नाही. तिचं कारण तिच्यापाशी असेल, माझं माझ्यापाशी होतं. पाटलांच्या गोठ्यात म्हैस अडली होती तेव्हा मी तिथं गवताचा भारा टाकायला गेलेलो. डॉक्टर मोटरसायकलवर आला. पाटील स्वतः गरम पाण्याची बादली घेऊन उभा राहिला, पाटलीणबाईनं साबण आणला, टॉवेल धरला. डॉक्टर कोण, कुठला, कुणी विचारलं नाही. म्हशीनं तर नाहीच विचारलं. त्या दिवसापासून ती बादली माझ्या डोक्यात राहिली. आमच्या घरातलं कुणी तिथं जावं आणि पाटलांनी बादली धरावी. मी हे लपवत नाही. मला हे पाहिजे होतं.

संध्याकाळी मिलिंद आला तेव्हा मी त्याला सांगितलं, पोरगी एक साल घरी बसून परत परीक्षा देईल. तो म्हणाला, आणि परत न्हाई झालं तर? मी म्हणालो, तर आणखी एक साल. तो म्हणाला, आबा, तुमी हट्ट करताय. मी म्हणालो, हो, करतोय. हट्ट करायला शिक्षण लागत नाही.

आता ते साल आठवतं ते तुकड्या-तुकड्यानं. पत्र्याखालचा उकाडा. खिडकीला ओलं पोतं बांधलेलं, त्यातून येणारा ज्यूटचा वास. उसाच्या बाजूला बिबट्याचा वावर, म्हणून अंधार पडायच्या आत तिनं घरात यायचं. दिवसभर ती गोठ्याच्या ओट्यावर बसायची, पाठ भिंतीला, पाय मोगरीकडं. गाय रवंथ करायची आणि ही पाठांतर करायची. दोघींची तोंडं सारखीच हलायची. मी एकदा हे बोललो तर म्हणाली, फरक एवढाच आबा, तिचं दुसऱ्यांदा चावल्यावर पचतं. माझं नाही पचत.

मोबाइलवर क्लास चालायचा. कुठला तरी सर, दिल्लीकडचा असावा, हिंदीत मोठमोठ्यानं बोलायचा. मिलिंदची धाकटी त्याची नक्कल करायची. "बच्चों, ये पक्का आयेगा." जेवताना कुणी भाकरी मागितली की ती म्हणायची, बच्चों, भाकरी पक्का आयेगी. सगळं घर त्या परीक्षेच्या भाषेत बोलायला लागलं. सुनबाईसुद्धा भाजीत मीठ जास्त झालं की म्हणायची, मायनस झालं. कारण त्या परीक्षेत उत्तर चुकलं तर नुसता भोपळा मिळत नाही, आधी मिळवलेल्यातलंही कापून घेतात. मला तो नियम फार ओळखीचा वाटला. आमच्या सगळ्या पिढ्या त्याच नियमानं जगल्या.

मला इंग्रजी येत नाही, पण आकडे येतात. प्रश्नाला पर्याय असतात, त्यांना एक, दोन, तीन, चार असे आकडे. उत्तरांचा कागद वेगळा. म्हणून मी म्हणालो, मी तपासतो. पण ती उत्तर बोलली की माझ्या तोंडाकडं बघायची आणि मी काही न बोलता तिला कळायचं, चुकलं. मग पर्याय बदलायची. म्हणाली, आबा, तुमचं तोंड उत्तर सांगतं. मला राग आला. मी आयुष्यभर बेल्ह्याच्या बाजारात बैल घेतले, विकले. तिथं भाव तोंडानं सांगत नाहीत. दलाल आणि गिऱ्हाईक टॉवेलखाली हात घालतात आणि बोटं दाबून बोलतात, बाजूच्याला कळत नाही. मी तिला म्हणालो, आण हात. टॉवेल टाकला आमच्या हातांवर. एक बोट दाबलं तर पहिला पर्याय, दोन तर दुसरा. ती प्रश्न वाचायची, माझी बोटं दाबायची, आणि मी समोर बाभळीकडं बघत बसायचो, जसं काही झालंच नाही. पेपर संपला की मग सांगायचं. त्या उन्हाळ्यात तिच्या बोटांवरून मला तिचा अभ्यास कळायचा. उत्तर येत असलं की बोट घट्ट दाबायची. येत नसलं की नुसतं टेकवायची. भौतिकशास्त्र आलं की सगळीच बोटं टेकलेली.

तिला मी बाजारातही नेलं. गुरांच्या बाजारात बायका येत नाहीत, भाजीच्या बाजूला येतात. गुरांची बाजू म्हणजे धूळ, शेण, बिडीचा धूर, टेम्पोच्या फाळक्यांचा खडखडाट आणि पुरुषांची तोंडं. ती ओढणी डोक्यावर घेऊन माझ्यामागं. मी थांबलो की ती थांबायची. एका खोंडाचं तोंड उघडून मी तिला दात दाखवले. तिनं बोट घालून मोजले, दोन दाती म्हणाली. जवळच्या दलालानं, ओळखीचाच, विड्याचा रस थुंकून विचारलं, "काय आबा, नातीला गाय बघाया आणलंय, का गाईला नात?" चार जण हसले. मी म्हणालो, तुझ्या बैलाचा खुर फुटलाय तो झाकायला शेण लावलंयस, ते आधी धू. आता बाकीचे हसले. प्रज्ञा हळूच म्हणाली, आबा, खुर खरंच फुटलाय? मी म्हणालो, काय माहीत. पण आता सगळे बघतील.

हे सगळं ठीक होतं. अडचण दुसरीकडून आली, आणि तिची चाहूल लागली एका शब्दावरून.

एक दिवस तिनं मोगरीच्या डाव्या कुशीवर तळहात ठेवला. मीच तिला शिकवलं होतं, त्या खळग्यात हात धरला की पोट हलताना कळतं, आतून कुणी कूस बदलावी तसं. पुस्तकात नव्हतं ते, तिनं मोबाइलवर कुठंतरी वाचलं होतं, गाईच्या पोटाचे चार कप्पे. ती त्यांची इंग्रजी नावं घेत होती. मग म्हणाली, आबा, तिसऱ्या कप्प्यात पानांसारख्या घड्या असतात. याला आपल्यात काय म्हणतात?

मला शब्द माहीत होता. आईकडून ऐकलेला. तिला प्रत्येक भागाचा शब्द माहीत होता, आतल्या आणि बाहेरच्या. मी म्हणालो, आपल्यात काही म्हणत नाहीत.

"असं कसं? आपल्या लोकांना तर माहीत असणार ना."

"माहीत व्हतं. आता न्हाई."

मी उठून गेलो. तो शब्द मी तिला तेव्हा सांगितला नाही, नंतरही नाही, आणि इथंही लिहिणार नाही.

कारण सांगतो. दीक्षेच्या आधी गावात कुणाचं ढोर मेलं की सांगावा यायचा, आणि आमच्या माणसांनी जाऊन ते ओढून न्यायचं. लोक म्हणतात ते त्यांचं काम होतं. ते काम नव्हतं. कामाला नाही म्हणता येतं. छप्पन सालानंतर आमच्या वस्तीनं दीक्षा घेतली. माझा बाप आणि चुलता, दोघं सख्खे भाऊ, पांढरे कपडे घालून बसले आणि उठले ते वेगळी माणसं होऊन. पुढं लगेच पाटलांच्या मळ्यातला बैल मेला. सांगावा आला. बाप दारात उभा राहिला आणि म्हणाला, आजपासून मेलेल्या ढोराला हात लावायचा नाही. बैल उन्हात फुगला. वास गावभर फिरला. शेवटी दुसऱ्या गावाहून माणसं आणून नेला. गावात आमची मजुरी बंद झाली, दुकानातला माल बंद झाला. आईबाप लांब खडी फोडायला जायचे. मी तेव्हा कडेवरचा. पण हात लावला नाही. आमच्याकडं दुसरी काही इस्टेट नाही. ही आहे.

शांताराम त्या चुलत्याचा मुलगा. माझ्यापेक्षा थोडा मोठा. मुंबईला नोकरी करून परत आलेला, वाचलेला, बोलायला कडक. विहाराचं सगळं तोच बघतो. दिवाबत्ती, वंदना, पोरांच्या वह्यावाटप. त्याचा नातू अवसरीच्या कॉलेजात शिकतो. सुट्टीला आला होता. त्यानं गंमत म्हणून मोबाइलवर आजोबाला दाखवलं, प्रज्ञा जायची म्हणते ना, तिथं पहिल्या वर्षाला हे करतात. पांढरे कोट घातलेली पोरं, मधी टेबलावर मेलेली म्हैस, पोट उघडलेली.

शांताराम त्याच पावली माझ्याकडं आला. बसला नाही. पाणी दिलं, घेतलं नाही. विचारलं, तुला हे माहीत होतं का. मला माहीत नव्हतं. पण मी माहीत होतं असं म्हणालो. त्याच्यासमोर नाही म्हणणं मला जमत नाही.

"किसन," तो म्हणाला, "तुझ्या बापानं आन माझ्या बापानं उपास काढलं ते ह्यासाठी? त्यांच्या पणतीनं सुरी घिऊन मेलेली म्हस फाडावी म्हणून?"

प्रज्ञा ओट्यावर होती, तिनं ऐकलं. शांताराम मूर्ख माणूस नाही. मूर्ख असता तर मी दोन शिव्या घालून मोकळा झालो असतो. तो निघून गेला आणि त्यानंतर माझ्या दारावरून जाताना मान वळवेना. त्याच्यामागं बाकीची भावकी. मिलिंद म्हणाला, बघा, मी म्हणत व्हतो, अवसरी बरी.

प्रज्ञानं दोन दिवस पुस्तक उघडलं नाही. मोगरीच्या अंगाला हात लावेना. मी टॉवेल घेऊन गेलो, म्हणालो, चल, पेपर काढ. ती म्हणाली, आबा, खरं सांगा, मी पणजोबांचं मोडतेय का?

मी म्हणालो, मला माहीत नाही. माहीत नाही म्हणून अभ्यास थांबवायचा असं कुठं लिहिलंय? काढ पेपर.

तिनं काढला. पहिल्या प्रश्नाला बोट दाबलं ते इतकं जोरात की हाड दुखलं.

परीक्षेच्या दिवशी आम्ही पहाटेच मिलिंदच्या टेम्पोतून निघालो. मागं टोमॅटोचे रिकामे क्रेट खडखडत. सेंटरवर मोठ्ठी रांग. पूर्ण बाह्यांचा ड्रेस नको, कानात नको, पायात बूट नको, पाण्याची बाटलीसुद्धा आरपार दिसणारी. सुनबाईनं रात्री तिच्या ड्रेसच्या बाह्या कापून शिवल्या होत्या. फाटकावरच्या बाईनं तिच्या कानातल्या काड्यासुद्धा काढायला लावल्या, भोकं बुजू नयेत म्हणून घातलेल्या. प्रज्ञानं त्या माझ्या हातात दिल्या आणि आत गेली. मागं बघितलं नाही. ते मला आवडलं.

बाहेर डांबर पातळ झालं होतं. आईबाप झाडांच्या सावलीत वर्तमानपत्रं अंथरून बसलेले, सावली सरकेल तसे सरकत. कलिंगडवाल्याचा धंदा जोरात. माझ्या शेजारी एक शर्ट खोचलेले पावणं, हातात घड्याळ. विचारलं, मुलगी का मुलगा. मी म्हणालो नात. एमबीबीएस? मी म्हणालो नाही, व्हेटरनरी. ते दया आल्यासारखे म्हणाले, अहो, आशा कशाला सोडता, चांगला स्कोर येईल, कदाचित माणसांकडंही लागेल. मी म्हणालो, लागला तरी ती घेणार नाही. त्यांना वाटलं म्हातारा उन्हानं बरळतोय. त्यांनी मला कलिंगडाची फोड दिली. मी खाल्ली. फोडीशी माझं भांडण नव्हतं.

ती बाहेर आली तेव्हा गर्दीत मला आधी दिसली नाही. मग दिसली. घामानं केस कपाळाला चिकटलेले. कसा गेला विचारलं नाही. ती म्हणाली, आबा, फिजिक्सला बोटं टेकवून आले.

निकाल लागला. नंबर गुरांच्या डॉक्टरकीला लागण्यासारखा होता. आयुर्वेदाच्या एका खाजगी कॉलेजातही लागत होता. मिलिंदचा जीव परत खालीवर. माणसांची डॉक्टर झाली तर शांतारामकाका पण गप्प बसतील, म्हणाला. तो बरोबर म्हणत होता, आणि म्हणूनच मला ते मान्य नव्हतं.

तोवर पाऊस बसला होता. वर्षावासात आमच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथ वाचतात. वाचन झालं, खिरापत वाटली, आणि शांतारामनं सगळ्यांसमोर विषय काढला. त्याला मी मानतो ते यासाठी. मागून बोलला नाही. म्हणाला, किसनची नात हुशार हाय, आपल्या सगळ्यांची हाय, तिचं कौतुक. पण ज्या गोष्टीतनं आपण रक्त आटवून भायेर पडलो, त्यात तिनं शिक्षणाच्या नावाखाली परत जाऊ नये. एवढंच माझं म्हणणं.

बायका, पोरं, सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी उठलो. गुडघा दुखत होता तरी उठलो. म्हणालो, शांताराम, आपल्या बापांनी कशाला नाही म्हटलं? ढोराला म्हटलं का? ढोरानं त्यांचं काय वाकडं केलं होतं? त्यांनी सांगाव्याला नाही म्हटलं. सांगावा यायचा तो फक्त आपल्याच दारात, त्याला नाही म्हटलं. आता तिथं जायला देशभरची पोरं परीक्षा देतात. पाटलांची देतात, बामणांची देतात. नंबर नाही लागला की रडतात. मेलेल्या म्हशीला हात लावायला मिळावा म्हणून रांगेत उभे राहतात आणि कानातल्या काड्या काढून देतात. त्या रांगेत आपली पोर पुढं गेली, तर तिला मागं ओढायचं?

कुणीतरी हसलं. मग बरेच हसले. मला वाटलं जिंकलो. शांताराम हसला नाही. त्यानं वाट बघितली हसणं थांबायची, आणि हळू आवाजात विचारलं,

"सुरी सगळी धरतात, मानलं. पण ती म्हस टेबलापातूर वढून आणतं कोण?"

पत्र्यावर पाऊस वाजत होता. मी खाली बसलो.

प्रज्ञा बायकांच्या बाजूला बसली होती. ती उभी राहिली. ओढणी सारखी केली. म्हणाली, "आजोबा, मला माहीत न्हाई. जाऊन बघते आन सांगते."

एवढंच. आता शांताराम तरी नाही कसं म्हणणार? पोरीनं वाद घातला नव्हता, उत्तर आणायला निघाली होती.

ती गेली. लांबचं कॉलेज, रात्रभराची गाडी. मिलिंद सोडून आला आणि चार दिवस टेम्पोवर गेला नाही. गोठ्याचा ओटा रिकामा. मोगरी त्या बाजूला बघून हंबरायची, का नुसतीच हंबरायची, मला कळत नाही, मी तिच्या मनातलं सांगणारा माणूस नाही.

पहिले काही दिवस फोनवर मेसची भाजी, खोलीतल्या मुली, पांढऱ्या कोटाचं माप. मग एका संध्याकाळी तिचा आवाज वेगळा आला. म्हणाली, आबा, सोमवारी पहिल्यांदा त्या चिरफाडीच्या हॉलमध्ये गेलो. औषधाचा वास एवढा की डोळ्यांतून पाणी थांबत नाही, सगळेच रडल्यासारखे दिसत होते. मी विचारलं, कोण आणतं? ती म्हणाली, एक शिपाईमामा आहेत. लोखंडी ट्रॉली आहे, तिला दोर बांधून तेच ओढून आणतात. एकटेच. मी त्यांना गाव विचारलं, आडनाव विचारलं.

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आपलेच आहेत, आबा."

मला शांतारामचा चेहरा दिसला, पावसात. मी म्हणालो, बरं. दुसरं काय म्हणणार.

पण ती फोन ठेवेना. म्हणाली, मी जेवताना वर्गातल्यांपुढं काढला विषय. एक जण म्हणाला त्यांना त्याचा पगार मिळतो. मी म्हणाले, पगार हॉल सांभाळायचा मिळतो, आणि शिकायचं आपल्याला आहे, तर जनावर आपण आणू. बरेच हसले. दोन मुली म्हणाल्या, खरंय. मग आम्ही सरांना विचारलं. सर म्हणाले, तुम्हाला जमत असेल तर आणा, माझं काही नाही. आता हजेरीच्या नंबरानं पाळी लावलीय. आज पहिली पाळी झाली. एक कुलकर्णी होती, एक पाटील होता, आणि मी.

"तू धरलीस?"

"हो. मामा नको नको म्हणत होते. मी धरली. आबा, तुम्ही चिडलात?"

माझ्या डोळ्यांसमोर बाप उभा राहिला, दारात, तसाच. त्याला मी काय सांगायचं ते मला तेव्हा सुचलं नाही, आताही सुचत नाही. मी म्हणालो, "हात धुतलेस का?"

"धुतले. साबणानं."

"मग जेव."

सकाळी मी काठी घेतली आणि शांतारामच्या घरी गेलो. तो अंगणात खुर्ची टाकून दात घासत बसला होता. आमचं बोलणं बंद होऊन बरेच महिने झाले होते. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. ते मामा, त्यांचं आडनाव, काही लपवलं नाही. मग पाळीचं सांगितलं. त्यानं चूळ भरली. कडुलिंबाची काडी बोटांत फिरवली.

"पाटलाच्या पोरानं बी धरली?"

"धरली."

"कुठनं धरली? दोरीला पुढनं, का मागनं ढकलाया?"

मला ते माहीत नव्हतं. तो म्हणाला, इचार. मी तिथंच फोन लावला. ती वर्गात जायच्या घाईत होती. मी विचारलं तसं तिनं सांगितलं, आणि मी शांतारामला सांगितलं. पाटील पुढं होता, दोरी त्याच्या खांद्यावर. कुलकर्णी आणि ही मागून ढकलत होत्या.

शांतारामनं काडी टाकली. तोंड पुसलं. आत आवाज दिला, दोन कप चहा टाक म्हणून. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "मंग शिकू दे तिला. माझी ना न्हाई."

मी चहाला बसलो. पण बसायच्या आधी त्याला सांगितलं, शांताराम, मी तुला विचारायला आलो नव्हतो. सांगायला आलो होतो.